अडखळ

मी कातडी करते. काय काम करता असं कुणी विचारलं की मी हेच सांगते, आणि समोरच्याचा चेहरा पडला की मला बरं वाटतं. खरं तर ती सिलिकॉनची असते. ट्रेमध्ये ओतायची, वाळली की सोलून काढायची. खाली चरबी म्हणून स्पंजचा थर, त्याच्याखाली स्नायू म्हणून जिलेटिनचा घट्ट ठोकळा. हे सगळं चौकटीत ताणून बसवायचं आणि मग त्यात सुरी खुपसायची. एवढी जखम व्हायला किती जोर लागतो, झटापटीत चुकून लागली असेल का, असं कोर्टात वकील विचारतात. त्याचं उत्तर आमच्या प्रयोगशाळेतून जातं. ते बहुतेकांना आवडत नाही. धारदार सुरीला जोर फारसा लागतच नाही. अडवते ती फक्त कातडी. ती एकदा फाटली की सुरी आपली आपण आत जाते, आणि मारणारा मग शपथेवर सांगतो की मी एवढी खोल मारलीच नव्हती.

आमच्या सुरीच्या मुठीत सेन्सर आहे. हात कसा आला, किती वेगाने आला, त्याची रेघ माझ्यासमोरच्या पडद्यावर उमटते. कातडीला टेकायच्या अगदी आधी ही रेघ जराशी खाली बसते. समोर सिलिकॉन आहे हे माणसाला पक्कं माहीत असतं, तरी हात कच खातो. आम्ही त्याला अडखळ म्हणतो. हा शब्द कुठल्या पुस्तकात नाही, आमचा आम्हीच पाडलाय. "अडखळ आली का?" "आली." की पुढच्याला बोलवायचं. साहेबांची येते, ड्रायव्हरची येते, धिप्पाड पहारेकऱ्याची तर सगळ्यात मोठी येते. ती मेली कातडी मी स्वतः ओतलेली असते, तरी माझीही येते.

त्या दिवसांत साहेबांना नवी माणसं हवी होती. कचेरीतल्या सगळ्यांचे हात वापरून झाले होते. ते म्हणाले, घरचं कुणी येत असेल तर बघा. मी आईकडे जेवायला गेले तेव्हा हे सहज बोलून गेले, सगळ्यांचा हात कसा थांबतो तेही. माझी धाकटी बहीण आणि तिचा नवरा तिथे आले होते. धाकटीला आम्ही ठकी म्हणतो, कारण लहानपणी ती जिथे बसवाल तिथे लाकडी बाहुलीसारखी बसून राहायची. तिचा नवरा म्हणजे आईचा जीव की प्राण. आई त्याला जावईबापू म्हणते, म्हणून आम्ही सगळेच म्हणतो. माणूस बोलका आणि दिसायला राजबिंडा. ठकीला काही विचारलं की उत्तर तोच देतो. मला याचा राग यायचा, पण आई म्हणायची, तुला कुणाचं चांगलं बघवत नाही. मी एकटी राहते, त्यामुळे हे वाक्य माझ्या तोंडावर मारायला फार सोपं आहे.

"सुरी खुपसायला मिळणार? येतो की," जावईबापू म्हणाले. "कुठे मारली की माणूस ओरडत नाही तेही शिकवाल ना, ताई?"

आई हसून हसून बेजार झाली. ठकीने ताटातून मान वर केली.

"मी पण येऊ का?" ती म्हणाली.

ठकीने आपणहून काही मागितल्याला किती वर्षं झाली होती कोण जाणे.

"ही?" जावईबापू म्हणाले. "अहो, हिला झुरळ मारता येत नाही. चल बाई, तुझी हौस कशाला मारू."

आली दोघं. आमच्याकडे नियम असा की पडद्यापाशी बसणाऱ्याने सुरी मारणाऱ्याला बघायचं नाही. कुणी बघतंय म्हटलं की माणूस नाटक करतो, एक तर उगाच शूर होतो नाही तर उगाच लाजतो. म्हणून मी मधल्या भिंतीच्या अलीकडे बसते. साहेब एकेकाला पलीकडच्या दाराने आत नेतात, कुणाला आधी आणि कुणाला नंतर ते त्यांचं त्यांना ठाऊक. रेघेवर नाव पडत नाही. पुढे कोर्टकचेरी झाली तर आपल्या माणसाची रेघ कुणी बाहेर काढू नये म्हणून हा नियम. तो मीच साहेबांच्या मागे लागून करायला लावला होता.

पहिली रेघ आली. अडखळ चांगली ठसठशीत होती, हात जवळजवळ थांबलाच होता. मी म्हटलं, हं, पुढचं.

दुसरी रेघ आली आणि मी चहाचा कप खाली ठेवला. ती सरळ वर गेली आणि कातडीत शिरली. मध्ये काहीच नाही. मला वाटलं यंत्र बिघडलं. भिंतीपलीकडून साहेब म्हणाले, "पुन्हा एकदा." पुन्हा तीच रेघ. तिसऱ्यांदाही तीच. इतक्या वर्षांत मी अशी रेघ पाहिली नव्हती.

दोघांपैकी एक.

थोड्या वेळाने चौकटी माझ्याकडे आल्या. कातडी काढून मोजणं माझंच काम. मापापुरतं मोजायचं, माणूस शोधायचा नाही, पण मी शोधला. वार उजव्या हाताचा असला तर चीर एका बाजूला कलते, डाव्याचा असला तर दुसऱ्या बाजूला. आमच्या अख्ख्या खानदानात डावखुरी एकटी ठकी. दुसऱ्या चौकटीतली कातडी मी टेबलावर पसरली. आमच्या कातडीची पावडर लावलेली बाजू आतली, दुसरी बाहेरची. मी बाहेरची बाजू वर केली. तिन्ही चिरा उजव्या हाताच्या होत्या.

म्हणजे जावईबापूंच्या. मला तर आधीपासूनच वाटत होतं, आणि आता ते टेबलावर पडलेलं होतं.

बाहेर कॅन्टीनमध्ये दोघं बसली होती. जावईबापू साहेबांना कसलासा विनोद सांगत होते. ठकी आपल्या पंजाकडे बघत होती.

"काय ताई, पास की नापास?" त्यांनी मला विचारलं.

"इथे पास-नापास नसतं," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

"हिचा हात थरथरत असेल बघा," असं म्हणून त्यांनी ठकीची मान मागून धरली आणि लाडाने हलवली. "चला राणीसरकार, घरी कामं पडलीत." ठकी उठली. जाताना तिने एकदा मागे वळून माझ्याकडे बघितलं. ती मला काही विचारतेय असं वाटलं, पण मी नजर चुकवली, कारण माझ्या तोंडावरची भीती तिला दिसू नये असं मला वाटत होतं.

मी साहेबांकडे गेले. म्हटलं, एका रेघेत अडखळच नाही. ते म्हणाले, हो, बघितली, मोठी गंमत आहे. गंमत हा शब्द ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, हा माणूस कुणाचा तरी जीव घेईल. साहेबांनी चष्मा काढला.

"खाटकाची रेघ पण अशीच येईल," ते म्हणाले. "म्हणून तो खुनी होतो का? आणि कुणाची रेघ आहे ते तुम्हाला माहीत असायला नको. आहे का माहीत?"

"नाही," मी म्हटलं. साहेबांचं काही चुकत नव्हतं, म्हणूनच मला त्यांचा जास्त राग आला.

त्यानंतर मला ना जेवण जाईना ना काम सुचेना. ठकीला फोन केला की तिचा नवराच उचलायचा. ती अंघोळीला गेलीये, ती झोपलीये, ती शेजारी गेलीये. आईला सांगायला गेले तर आईने कानांवर हात ठेवले. "असलं अभद्र काम करून करून तुझं डोकं फिरलंय," ती म्हणाली. "उद्या माझ्या हातातली सुरी बघून मलाच आत टाकशील." मी भांडून निघून आले. रोज सकाळी डोळा उघडला की पहिला विचार हाच यायचा, आज फोन येईल, आणि तो ठकीचा नसेल, तिच्याबद्दल असेल.

शेवटी एके सकाळी अर्धी रजा टाकून तिच्या घरी गेले. तो कामावर असेल अशा बेताने. दार त्यानेच उघडलं.

"या ताई, या. आज मी घरीच आहे. हल्ली रोजच घरी असतो, हिला एकटीला करमत नाही."

मला बसवलं, पंखा लावला. समोरच्या खुर्चीत स्वतः बसला, दार आणि मी यांच्या बरोबर मध्ये. बशीत सफरचंदं होती. "कापतो," म्हणाला आणि स्वयंपाकघरातून सुरी घेऊन आला. माझं सगळं लक्ष त्या हातावर. उजव्या हातात सुरी, आणि हा हात जराही अडखळत नाही हे मला माहीत. ठकी चहा घेऊन आली. कप माझ्यासमोर धरून ती बराच वेळ तशीच उभी राहिली. मी तिच्याकडे न बघताच कप घेतला. त्याच्या हातावरून नजर काढायची माझी छाती झाली नाही.

सुरी सफरचंदावरून सटकली आणि त्याच्या बोटाला लागली. जराशीच. पण त्याचा चेहरा पांढराफटक पडला, त्याने सुरी टाकून दिली आणि बोट तोंडात घातलं.

"एवढी धार कशाला लावून ठेवलीस?" तो ठकीला म्हणाला. आवाज अगदी मऊ होता.

"बोथट सुरीने हात कापतो," ठकी म्हणाली. तिने खाली पडलेली सुरी उचलली, पुसली आणि आत नेली.

"धार लावून ठेवली म्हणे," तो मला हसून म्हणाला. "नंतर बोलतो हिच्याशी."

हा नाटक्या आहे, मला वाटलं. माझ्यासमोर भित्रेपणाचं सोंग करतोय. कप तसाच ठेवून मी उठले. दारात ठकीच्या कानात म्हटलं, माझ्याबरोबर चल. ती म्हणाली, "आत्ता नको, ताई." पाठीमागून तो म्हणाला, काय गुलुगुलु चाललंय बहिणींचं. मी जिना उतरले. तिथून सुटल्याचं बरं वाटत होतं, आणि त्या बरं वाटण्याची मला लाज वाटली.

तडक प्रयोगशाळेत गेले. ठरवलं, नियम गेला खड्ड्यात, ती कातडी साहेबांसमोर टाकायची आणि सांगायचं की हा माझ्या बहिणीचा नवरा, आता पोलिसांना काय सांगायचं ते तुम्ही सांगा. कपाटातून कातडी काढली. दाखवताना चिरा स्वच्छ दिसाव्यात म्हणून ओल्या फडक्याने दोन्ही बाजू पुसायला घेतल्या. पावडरच्या बाजूला फडकं फिरवलं आणि बोटांना खरखर लागली.

बारीक खरखर. रोमरंध्रांची. ती ट्रेच्या तळाला कोरलेली असतात, आणि तळाला टेकलेली बाजू म्हणजे कातडीची बाहेरची बाजू. बाहेरच्या बाजूला पावडर कुठून आली, असं मी स्वतःलाच विचारलं आणि तिथेच स्टुलावर बसले. ट्रे नवा होता, कातडी तळाला चिकटून फाटत होती, म्हणून त्या खेपेला ओतायच्या आधी मीच तळाला पावडर मारली होती. आत पावडर नव्हतीच. चौकटीत ती ट्रेतून काढून सुलटीच बसवली होती, टेबलावर मात्र मी उलटी ठेवून वाचली. आतल्या बाजूने बघितलं की डावं उजवं होतं आणि उजवं डावं. शिकाऊ पोरीने असं केलं असतं तर मी तिला दिवसभर टोचून खाल्लं असतं. बोट फिरवायचं, खरखर लागते का बघायचं, एवढंच काम होतं. पण मला जे बघायचं होतं ते दिसलं, मग बोट कोण फिरवतो?

कातडी सुलटी केली. तिन्ही चिरा डाव्या हाताच्या.

त्याची नव्हे, माझ्या ठकीची रेघ. जिला झुरळ मारता येत नाही तिची. आणि तिने घरातल्या सुरीला धार लावलेली मी आत्ताच बघून आले होते.

पर्स उचलून पळत बाहेर आले तर फाटकाजवळच्या बाकावर ठकी बसलेली. पायात घरातल्या सपाता, हात मोकळे. पहारेकरी म्हणाला, तुमची बहीण आलीये, आत चला म्हटलं तर येत नाही.

मी तिच्या कपड्यांकडे बघितलं. आधी कपड्यांकडे, मग हातांकडे, मग तोंडाकडे. काही लागलेलं नव्हतं. तिला कळलं मी काय शोधतेय.

"नाही," ती म्हणाली. "तो बाथरूममध्ये गेला तेव्हा मी निघाले. सुरी हातात घेतली होती. परत ठेवली आणि निघाले."

मी तिच्या शेजारी बसले. पहारेकऱ्याने शहाणपणाने तोंड फिरवलं.

"तू त्या दिवशी कशाला आली होतीस इथे?" मी विचारलं.

"जेवताना तूच म्हणालीस ना, सगळ्यांचा हात थांबतो म्हणून. मला बघायचं होतं माझा थांबतो का." ती आपल्या डाव्या पंजाकडे बघत होती. "थांबला असता तर मी निर्धास्त झाले असते. म्हटलं असतं, चला, आपल्याकडून काही व्हायचं नाही, सोसायचं. तू बाहेर आलीस तेव्हा तुझं तोंड बघितलं आणि मला कळलं की नाही थांबला."

"मला वाटलं ती रेघ त्याची," मी म्हटलं.

तिने डावा पंजा मिटला.

"मला सांगायचंस तरी," मी म्हटलं. "एवढं सगळं चाललं होतं, तोंडाला कुलूप लावून बसलीस?"

"काय सांगायचं, ताई? सकाळी चहा देताना मुद्दाम बाही वर सारून उभी राहिले होते तुझ्यासमोर." तिने बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत काळंनिळं, त्यावर पिवळं, त्याच्याही खाली जुनं तपकिरी. कुठला डाग कधीचा, हे मला एका नजरेत कळलं. मी रोज हेच बघते. "तू जखमांचंच काम करतेस ना?"

मला रडू आलं, पण रडायला वेळ नव्हता.

"चल माझ्या घरी," मी म्हटलं. "पोलिसांत मी जाते, डॉक्टरकडे मी नेते. आता परत जायचं नाही."

"तो न्यायला येणार. येणारच."

"येऊ दे."

"तुला समजत नाहीये," ठकी म्हणाली. "मला त्याची भीती वाटत नाही आता. मला माझी वाटते. तुझ्या घरी सुऱ्या आहेत. आधी जाऊन त्या बाहेर काढ. तोवर मी आत येणार नाही."

आम्ही बसने गेलो. माझं घर वरच्या मजल्यावर. ठकी खरंच जिन्यात, माझ्या दाराजवळच्या पायरीवर बसली. मी आत जाऊन कापडी पिशवीत सुऱ्या भरल्या. भाजीची, फळांची, पावाची, दोन्ही कात्र्या, सोलाणंसुद्धा. सिंकमध्ये धुवायला पडलेली एक राहिली होती, तीही पुसून घातली. माझ्याच घरात मी चोरासारखी खण उचकत होते आणि कानोसा घेत होते. पिशवी शेजारणीकडे ठेवायची म्हणून दार उघडलं तर खालून पावलं वर येत होती.

"ठकी?" जावईबापूंचा आवाज. रागाचा टिपूस नाही, नेहमीसारखाच गोड. "काय हे, न सांगता? ताईंना उगाच त्रास." तो वळणावर दिसला. ठकीच्या दोन पायऱ्या खाली येऊन थांबला आणि त्याने तिच्याकडे हात पुढे केला. "चल. घरी जाऊन बोलू."

ठकीने त्याच्याकडे बघितलंच नाही. ती मागे वळून माझ्या हातातल्या पिशवीकडे, तिच्यातून वर आलेल्या मुठींकडे बघत होती. पिशवीत काय आहे ते तिला ठाऊक होतं, आणि मी तिच्या हाताच्या अंतरावर उभी होते. तिचा डावा हात मांडीवरून उठला.

मी पिशवी पाठीमागे घेतली आणि भिंतीला दाबून धरली. एक टोक कापडातून माझ्या पाठीला टोचत होतं.

"जा तुम्ही," मी त्याला म्हटलं. "ती इथे तुम्हाला वाचवायला आलीये."

तो हसला. आईच्या जेवणाच्या टेबलावर हसायचा तसाच, डोकं जरा मागे टाकून. काय बोलता ताई, म्हणाला. मग मी हसत नाही हे बघून त्याने ठकीकडे बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तो तिच्याकडे नीट बघतोय असं मी पहिल्यांदाच बघत होते. ठकीची नजर अजून माझ्या पाठीमागेच होती.

त्याने पुढे केलेला हात मागे घेतला आणि एक पायरी खाली उतरला.